फ्ल्यू सर्वांना सारखाच का होत नाही?

मुलांनो, पावसाळ्याचे दिवस आहेत अशी कल्पना करा. तुमचा धाकटा भाऊ शाळेतून शिंकत शिंकत घरी येतो. रात्री त्याचे अंग तापते. दोन दिवस तो गोधडीत पडून राहतो, अम्मीने केलेली खिचडीही नको म्हणतो आणि चौथ्या दिवशी बॅट घेऊन गल्लीत पळतो. तोपर्यंत अब्बांना ताप चढलेला असतो. त्यांचे अंग मोडून येते, हाडे दुखतात, खोकला थांबत नाही. आठवडाभर ते कामावर जाऊ शकत नाहीत. आपा मात्र दोनचार वेळा शिंकते, एक दिवस तिचा घसा धरतो आणि तिचा आजार तेवढ्यावरच संपतो. भाभीला अजून काहीच झालेले नाही. आणि दादी? दादीला फारसा ताप येतच नाही. ती जेवत नाही, सारखी झोपून असते, विचारलेल्या प्रश्नाचे भलतेच उत्तर देते. पाचव्या दिवशी तिला धाप लागते आणि रिक्षात घालून रुग्णालयात न्यावे लागते.

घर एक, हवा एक, आजार देणारा विषाणूही एकच. मग प्रत्येकाची तऱ्हा वेगळी का झाली?

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी रै आणि बगदाद येथे वैद्यकी करणाऱ्या अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया राझी यांनी देवी आणि गोवर या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातले एक प्रकरण कोणत्या प्रकृतीच्या माणसांना देवी लवकर होते, यावर आहे. राझींना विषाणू ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी दिलेली कारणे आज टिकत नाहीत. पण रोगी पाहताना केवळ रोगाकडे न पाहता शरीराकडेही पाहावे, हे त्यांना कळले होते. त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी इटलीतले लोक तापाच्या साथीचे कारण आकाशात शोधत होते. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने साथ येते असे ते मानत. ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द त्या इटालियन भाषेतला आहे आणि त्याचा अर्थच ‘प्रभाव’ असा आहे. ‘फ्ल्यू’ हे त्याचेच छोटे रूप.

माणसाला होणाऱ्या फ्ल्यूचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये सापडला. स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तीन शास्त्रज्ञांनी फ्ल्यू झालेल्या माणसांच्या घशातला स्राव फेरेट नावाच्या प्राण्यांच्या नाकात घातला. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी आहे. थोड्याच दिवसांत ते फेरेट आजारी पडून शिंकू लागले. मग गुन्हेगार ग्रहतारे नाहीत, हे सिद्ध झाले.

मराठीत पाहुण्यांचे आदरातिथ्य करणाऱ्याला ‘यजमान’ म्हणतात. उर्दूत आपण ‘मेजबान’ म्हणतो. विषाणू ज्या शरीरात शिरतो त्या शरीरालाही शास्त्रज्ञ यजमान म्हणतात. हा पाहुणा कोणी बोलावलेला नसतो, ही गोष्ट वेगळी! आजार किती जड होईल, हे पाहुण्यावर अवलंबून असते तसेच यजमानावरही अवलंबून असते. या पाठात आपण यजमानाचाच विचार करू या.

विषाणू प्रथम नाकात आणि घशात पोहोचतो. तेथे पहारा असतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला चिकट पातळ थर असतो आणि त्याखाली केसांपेक्षाही कितीतरी बारीक तंतू सतत हलत असतात. धूळ, जंतू, जे काही चिकटेल ते हे तंतू वर ढकलतात आणि आपण ते खाकरून बाहेर टाकतो. बिडी-सिगारेटच्या धुराने हे तंतू दुबळे होतात आणि काही तर नाहीसे होतात. म्हणून धूम्रपान करणाऱ्याला फ्ल्यू अधिक जड जातो. चुलीच्या धुरात रोज तीन-चार तास बसणाऱ्या बाईने आयुष्यात कधी बिडीला हात लावलेला नसतो, पण तिच्या छातीत धूर जातोच. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांच्या घरची मुले हा धडा वाचत असतील, तर त्यांना कापसाच्या धुळीबद्दल सांगायला नको. वर्षानुवर्षे ही धूळ फुप्फुसात गेली, की छाती भरून येण्याचा आजार जडतो. अशा माणसाच्या दारावरचा पहारेकरी आधीच थकलेला असतो.

पहाऱ्यातून निसटलेला विषाणू पेशींत शिरतो आणि स्वतःच्या हजारो प्रती तयार करतो. आता शरीराची दुसरी तयारी सुरू होते. विषाणू शिरलेली पेशी मरण्यापूर्वी शेजारच्या पेशींना इशारा देते. हा इशारा म्हणजे ‘इंटरफेरॉन’ नावाचे प्रथिन. आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी ते १९५७ साली शोधून काढले. गंमत अशी, की तेही लंडनच्या त्याच संस्थेत काम करत होते आणि त्यांचे प्रयोगही फ्ल्यूच्या विषाणूवरच चालले होते. हा इशारा मिळताच शेजारच्या पेशी आपली दारे बंद करू लागतात. ताप येणे, अंग दुखणे, भूक मरणे या गोष्टी बहुतांशी विषाणू करत नाही; आपले शरीर लढाईसाठी जी रसायने सोडते, त्यांचा तो परिणाम असतो.

रोगाशी लढण्याच्या या शक्तीला मराठीत रोगप्रतिकारक शक्ती म्हणतात, उर्दूत कुव्वत-ए-मुदाफअत. ‘ही शक्ती जितकी जास्त तितके चांगले ना?’ असा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. उत्तर आहे, नाही. शक्ती कमी पडली तर विषाणू फुप्फुसात खोलवर पसरतो. पण ती बेभान झाली तर लढाईत आपलेच घर मोडते. फुप्फुसातल्या ज्या बारीक पिशव्यांत हवा भरायची, त्यांत पाणी आणि पेशींचा कचरा साचतो आणि धडधाकट माणसाचाही श्वास कोंडतो. शक्ती वेळेवर जागी व्हावी आणि काम झाल्यावर शांत व्हावी, यातच माणसाचे भले असते.

काही लोकांत हा इशाराच नीट वाजत नाही. २०१५ साली शास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. ती अडीच वर्षांची असताना साध्या हंगामी फ्ल्यूने तिच्या जिवावर बेतले होते. तपासणीत दिसले, की इंटरफेरॉन तयार करण्यासाठी लागणारे एक जनुक तिला आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेलेच मिळाले होते. आईवडिलांजवळ प्रत्येकी एक चांगली प्रत होती, म्हणून त्यांना कधी त्रास झाला नाही. असा बिघाड अत्यंत विरळा असतो. त्यापूर्वी २०१२ मध्ये इंग्लंडच्या संशोधकांना दुसऱ्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार फ्ल्यूने रुग्णालयात दाखल झालेल्यांत जास्त प्रमाणात आढळला होता. पण नंतरच्या सर्वच अभ्यासांतून तसे दिसले नाही. तेव्हा ‘आमच्या खानदानात कोणाला ताप चढतच नाही’ असे कोणी छाती फुगवून सांगितले, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता आपाकडे वळू या. ती दोनचार शिंकांवर का सुटली? बहुधा तिच्या शरीराला हा विषाणू ओळखीचा होता. एकदा फ्ल्यू होऊन गेला, की रक्तात त्या विषाणूला पकडणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि त्याची आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे राहतात. मग गोवर एकदाच होतो, तसा फ्ल्यू एकदाच का होत नाही? कारण हा विषाणू बहुरूपी आहे. तो दरवर्षी आपल्या अंगरख्यात थोडा बदल करतो. कधी कधी तर तो अंगरखा साराच बदलून येतो आणि जगभर साथ पसरते. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ या साली तसे घडले.

लहानपणी पहिल्यांदा ज्या जातीचा फ्ल्यू होतो, त्याची आठवण शरीरात सर्वांत पक्की राहते. याचे ठळक उदाहरण २००९ च्या साथीत दिसले. लोकांनी तिला स्वाइन फ्ल्यू म्हटले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातला तो या साथीतला पहिला मृत्यू होता. शाळा बंद झाल्या. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. देशभरातून येणाऱ्या नमुन्यांची तपासणी तिथे रात्रंदिवस चालली. सगळीकडे एक नवल दिसत होते. दरवर्षी फ्ल्यूने म्हातारी माणसे जास्त दगावतात, पण या साथीत तरुण आणि मुलेच अधिक आजारी पडत होती. १९५७ पूर्वी जन्मलेल्यांनी आपल्या बालपणी या नव्या विषाणूच्या चुलतभावांना तोंड दिले होते. पन्नास-साठ वर्षे झोपलेली ती आठवण त्यांच्या कामी आली. अर्थात ज्या वृद्धांना तरीही लागण झाली, त्यांचा आजार सौम्य नव्हता.

१९१८ च्या साथीतही तरुणच जास्त मेले. वीस ते चाळीस वयाचे, कमावते, काल-परवापर्यंत ओझी उचलणारे लोक. त्या वेळच्या वृद्धांनी पूर्वी कधीतरी तशाच विषाणूचा सामना केला असावा आणि तरुणांनी बालपणी वेगळ्या जातीचा फ्ल्यू पाहिला असावा, असे पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटते. बहुतेकांचा जीव मात्र फ्ल्यूने जखमी झालेल्या फुप्फुसात नंतर शिरलेल्या जिवाणूंनी, म्हणजे न्यूमोनियाने घेतला. त्या काळी पेनिसिलिन नव्हते.

या साथीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ती आपल्या मुंबईतूनच देशात शिरली. जून १९१८ मध्ये गोदीवर पहारा देणारे काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. पहिले महायुद्ध चालू होते आणि बंदरात सैनिकांची जहाजे येत-जात होती. ती पहिली लाट ओसरली. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, ती फार भयंकर होती. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेने ताप गावोगाव गेला. देशात किती माणसे मेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

मुंबईच्या नोंदींत एक तक्ता आहे. दर हजार माणसांमागे युरोपीय लोकांत सुमारे ८ मृत्यू झाले, पारशांत ९, मुसलमानांत १९, आणि ज्यांना त्या काळच्या समाजाने ‘खालच्या जातीचे’ ठरवले होते, त्यांच्यात ६१. विषाणूला जात कळत नाही, धर्म कळत नाही. मग हा फरक कोठून आला? त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. धान्य महाग झाले होते. मुंबईच्या चाळींत आणि झोपड्यांत एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहत. पोटभर अन्न नाही, मोकळी हवा नाही, आजारी पडल्यावर विश्रांती नाही, पाणी पाजायला घरात उठणारे कोणी नाही. उपाशी शरीराला प्रतिपिंडे तयार करायलाही प्रथिने लागतात. ती आणायची कोठून? देशात तरुण स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक संख्येने मेल्या. सर्वांना वाढून उरेल ते खायचे आणि सर्वांची सेवा करायची, ही कामे त्यांच्याकडेच होती. म्हणून ‘यजमान’ म्हणताना आपण नुसते रक्त-मांस मोजू नये. त्या शरीराला काय खायला मिळते, ते कोठे झोपते आणि त्याची काळजी कोण घेते, हेही त्यात येते.

वयाचा परिणाम तुम्ही दादीच्या बाबतीत पाहिलाच. पासष्टीच्या पुढे प्रतिकारशक्ती मंद होते. म्हणूनच म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येत नाही आणि घरातले लोक फसतात. ‘अंग तर गार आहे, मग काय झाले?’ असे म्हणत दोन दिवस जातात. जेवण सुटणे, गुंगी येणे, भलते बोलणे हीच त्यांची लक्षणे असतात. उलट, पाच वर्षांखालच्या, त्यातही दोन वर्षांखालच्या बाळांची प्रतिकारशक्ती अजून शिकत असते आणि त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर फ्ल्यूची लस देताही येत नाही. पण आईने गरोदरपणी लस घेतली, तर तिची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचतात.

गरोदर स्त्रीचे शरीर आणखी वेगळ्या अडचणीत असते. पोटातले बाळ वाढते तसा वरचा पडदा छातीत ढकलला जातो आणि फुप्फुसांना पसरायला जागा कमी उरते. हृदयाला दोघांसाठी काम करावे लागते. तिच्या प्रतिकारशक्तीचे वागणेही या काळात बदलते. १९१८ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये गरोदर स्त्रियांचे हाल इतरांपेक्षा अधिक झाले.

मधुमेह, दमा, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे आजार असणाऱ्यांनाही फ्ल्यू जड जातो. अतिशय लठ्ठपणा हेही एक कारण आहे, हे २००९ च्या साथीत प्रथमच स्पष्टपणे लक्षात आले. फ्ल्यूचा धोका छातीपुरता नसतो. २०१८ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की फ्ल्यू झाल्याचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सुमारे सहा पट होते. ज्यांच्या अब्बांना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

घरी आपल्या हातून होणाऱ्या दोन चुकाही सांगून ठेवते. एक, लहान मुलाच्या तापावर घरात पडलेली ॲस्पिरिनची गोळी कधीही देऊ नये. फ्ल्यूमध्ये तिच्यामुळे मुलाच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. दोन, शेजारच्या घरातून मागून आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. त्या जिवाणूंसाठी असतात. ताप उतरून माणूस बरा वाटू लागला आणि पुन्हा जोराचा ताप, छातीत दुखणे, धाप किंवा ओठ निळसर दिसणे असे काही झाले, तर जिवाणू शिरले असण्याची शंका घ्यावी आणि उशीर न करता दवाखाना गाठावा.

आता पुन्हा दादीकडे जाऊ या. रुग्णालयात डॉक्टरांनी तिच्या बोटाला एक लहान यंत्र लावून रक्तातला प्राणवायू पाहिला, तो कमी होता. नळीने प्राणवायू सुरू करून ते अब्बांना प्रश्न विचारू लागले. वय किती? साखर आहे का? पूर्वी चुलीवर स्वयंपाक करायची का? जेवण केव्हापासून सुटले? गेल्या वर्षी फ्ल्यूची लस घेतली होती का? विषाणूबद्दल त्यांनी फारसे विचारलेच नाही. सगळे प्रश्न दादीबद्दल होते. त्यांनी कागदावर औषध लिहिले. फ्ल्यूच्या विषाणूवर गोळ्या आहेत, पण पहिल्या दोन दिवसांत दिल्या तर त्यांचा सर्वांत चांगला उपयोग होतो. दादीचे पाच दिवस गेले होते, तरीही डॉक्टरांनी त्या सुरू केल्या.

मग त्यांनी विचारले, “घरात आणखी कोण कोण आहे?”

अब्बांनी नावे सांगितली. भाभीला सातवा महिना लागला आहे आणि आज सकाळपासून तिचा घसा दुखतो आहे, हेही सांगितले. डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला आणि म्हणाले, “उद्या नको, तिला आजच घेऊन या.”